दुःख कुणाचं, काम कुणाचं

स्टँप पेपरवर आपल्याकडे माणसं बरंच काही लिहून देतात. जमिनीचं साठेखत, उसनवारीचा करार, भावाभावांतली वाटणी. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी त्याच कागदावर लिहून दिलं, की माझ्या मागे माझ्या पत्नीच्या बांगड्या कोणी फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढून घेऊ नये. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्यांचा एक सहकारी हृदयविकाराने गेला. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या पत्नीवर हे सगळं जबरदस्तीने होताना झिंजाडे यांनी पाहिलं. त्यांनी त्यावर लिहिलं, गावोगावच्या पुढाऱ्यांशी आणि ग्रामपंचायतींशी बोलणं सुरू केलं, आणि सर्वांत मोलाचा प्रतिसाद खुद्द विधवांकडून आला. दोन डझनांहून अधिक पुरुषांनी त्यांच्यासारखंच लिहून दिलं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव पाठोपाठ आलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. करमाळा हा आपल्या कुर्डुवाडीच्या माढा तालुक्याला लागून असलेला तालुका. ऊस, उजनी आणि रेल्वे यांच्यापलीकडे या भागातून राज्याला काही गेलं, याची आपल्या पारावर फारशी चर्चा झाली नाही, हे थोडं नवलच.

अशा गोष्टी सांगायची आपली एक ठरलेली रीत आहे. महिला दिनाच्या पुरवणीत दरवर्षी ती वाचायला मिळते: दुःखाचा डोंगर कोसळला, तरी ती खचली नाही, पदर खोचून उभी राहिली. वाचायला बरं वाटतं. पण या रीतीत एक मोठी खोट आहे. सावरणं हा त्या बाईच्या अंगचा गुण ठरतो, आणि मग जी सावरली नाही ती आपोआप कमकुवत ठरते. हेरवाडपर्यंत पोहोचलेल्या या मोहिमेने, कळत किंवा नकळत, वेगळीच मांडणी केली. कुणी गेल्यावर जे दुःख होतं त्याचे दोन भाग असतात. माणूस गेला, हा पहिला भाग. त्यावर कुणाचा इलाज नाही. दुसरा भाग मागाहून माणसं तयार करतात: दहाव्याला नदीवर बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हळदी-कुंकवाचं आवतण बंद होणं, पोटच्या पोराच्या लग्नात मागं उभं राहणं, सातबाऱ्यावर नाव लागू न देणं. हा भाग माणसांनी केलेला आहे, म्हणून माणसांना तो काढूनही टाकता येतो. माझं म्हणणं एवढंच, की शोकातून काही उद्दिष्ट उभं राहतं ते या दोन भागांची गाठ सुटल्यावर, आणि दुसऱ्या भागाचं ओझं दुसऱ्या कुणीतरी खांद्यावर घेतल्यावर. मनाचा खंबीरपणा हवाच, पण तो बहुतेकांकडे आधीपासून असतो.

हे शेवटचं वाक्य धाडसाचं वाटेल, पण त्याला आधार आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी जवळचं माणूस गमावलेल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की मोठा आघात सोसूनही आपला तोल टिकवणारी माणसं अपवाद नसतात. तोच सर्वाधिक आढळणारा प्रकार असतो. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये याचीच दुसरी बाजू मांडली. शोकातला माणूस सतत दोन कामांमध्ये ये-जा करतो: एकीकडे गेलेल्याची आठवण आणि रडणं, दुसरीकडे नवी घडी बसवणं, पैशांचा हिशेब, पोरांची शाळा. या ये-जा करण्यातूनच माणूस हळूहळू सावरतो. आता आपल्या प्रथेकडे या नजरेने बघा. मोकळं कपाळ आणि रिकामे हात या खुणा तिला आयुष्यभर पहिल्याच कामावर जखडून ठेवतात. ती शेताच्या बांधावर असो, बँकेच्या रांगेत असो की पोराच्या पालकसभेत, समोरच्याला आधी तिचं वैधव्य दिसतं. शोकातून बाहेर पडण्याची जी वाट निसर्गाने ठेवली आहे, तिच्यावर प्रथा दगड टाकते. ते दगड टाकणाऱ्या बाया बहुतेक वेळा स्वतः त्यातून गेलेल्या असतात, हे या विधीतलं सर्वांत कठीण सत्य.

हेरवाडचा ठराव झाला तो राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, आणि त्यात निव्वळ समारंभापुरतं औचित्य नव्हतं. महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज शिकारीच्या वेळी अपघातात गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं; सून इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांची. कायदा लोकांसाठी करणं आणि तो प्रश्न स्वतःच्या उंबऱ्याच्या आत येणं, यांत किती अंतर असतं ते सांगायला नको. राजघराण्यातून विरोध असताना शाहूंनी सुनेला वाड्याच्या कोपऱ्यात बसवलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींतल्या मुली ठेवल्या. पुत्रशोक महाराजांना मरेपर्यंत सुटला नाही; १९२२ मध्ये ते गेले. पण सुनेच्या वाट्याला येणारा दुसरा भाग, जो माणसं तयार करतात, तो त्यांनी बऱ्याच अंशी येऊ दिला नाही. इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. त्यांच्या हिमतीला दाद द्यावीच, पण त्या हिमतीला पाय ठेवायला जमीन कुणी दिली, हेही त्याच दमात सांगायला हवं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. राजवाड्यातल्या सुनेची गोष्ट माढा तालुक्यातल्या शेतमजूर बाईला काय कामाची? सासरा छत्रपती असेल तर सगळंच जमतं. बरोबर आहे, पण हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावाला तर हे समजावून सांगायची गरज नाही. बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून इथे कारखाना आणि कामगारांची वस्ती आहे. रेल्वेत नोकरीवर असताना कर्मचारी गेला, तर पत्नीला कौटुंबिक पेन्शन मिळते आणि घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागता येते. त्यातही खेटे आहेत, वशिला आहे, वर्षं जातात. तरी एक नियम आहे आणि तो तिच्या बाजूने लिहिलेला आहे. तिथून काही कोसांवर, कोरडवाहू शेतात नवरा गमावलेल्या बाईसाठी असा, नोकरी देणारा नियम कुणी लिहिलेला नाही. दोघींचं दुःख सारखं, धीरही सारखाच असेल. एकीच्या हातात ओळखपत्र येतं, दुसरीच्या हातात सावकाराची चिठ्ठी. पाच वर्षांनी पहिली ‘सावरलेली’ दिसली आणि दुसरी ‘खचलेली’, तर तो फरक त्यांच्या मनांत शोधणं हा शुद्ध अन्याय आहे.

शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायकांबाबत याचे आकडेही आहेत. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’, या संघटनेने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत ५०५ महिलांशी बोलून पाहणी केली. या महिलांचे पती २०१२ ते २०१८ या काळात गेले होते. त्या कसत असलेल्या जमिनीवर ४० टक्क्यांना अजून हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर फक्त ३५ टक्क्यांचा हक्क लागला होता. आणि ३३ टक्क्यांना आपण पेन्शनला पात्र आहोत हेच ठाऊक नव्हतं. हा शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. कारण पहिल्या दोहोंत भावकी आडवी येते, सासऱ्याच्या नावची जमीन आडवी येते, कोर्ट येतं. तिसऱ्यात फक्त एवढंच घडलेलं असतं, की कुणी येऊन सांगितलं नाही.

हे ओझं उतरवण्याची आणखी एक वाट सांगितली जाते, ती कलेची. दुःख कागदावर उतरवलं की मन हलकं होतं, हे आपण सगळेच मानतो, आणि त्याला शास्त्राचा दुजोराही सांगितला जातो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या महिन्यांत ती मुलं डॉक्टरकडे कमी वेळा गेली. नंतर शेकड्यांनी अभ्यास झाले. त्यांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा फायदा निघाला, पण बेताचा. आणि स्ट्रोबे यांच्याच चमूने २००२ मध्ये नुकताच जोडीदार गमावलेल्यांकडून असं लेखन करवून पाहिलं, तेव्हा त्यांना त्याचा काही उपयोग झालेला दिसला नाही. म्हणजे कलेने दुःख हलकं होतं, हे खोटं का? मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगात माणसं एकटी बसून लिहीत होती, आणि लिहिलेलं ऐकायला घरातलं, गावातलं कुणी नव्हतं. आपल्याकडच्या बायकांनी दुःख कधी असं एकटीने मांडलं नाही. पहाटेच्या जात्याला दोघी बसायच्या. एकीच्या ओवीला दुसरी हुंकार द्यायची, सूर धरायची, पुढची ओळ उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत नवरा गेल्याचं दुःख आहे, तसाच सासरच्या वागण्याचा रागही आहे. घरात मोठ्याने बोलता न येणारी गोष्ट जात्यावर बिनदिक्कत बोलता यायची. गिरण्या आल्या, दळण्याचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण ती ऐकणारी शेजारीणही त्याबरोबर गेली.

ती शेजारीण परत मिळवून देण्याचा एक प्रयोग विदर्भात झाला. वर्ध्याच्या ‘अध्ययन भारती’ने ‘तेरवं’ हा दीर्घांक रंगमंचावर आणला. लेखन श्याम पेठकर यांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं. त्यात काम करणाऱ्या बायका आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतल्याच होत्या. ज्यांनी कधी नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती, त्या तिथे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांपैकी एक. २०११ मध्ये त्यांच्या पतीने जीवन संपवलं. पदरात दोन मुलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होतं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, राज्यभर गदारोळ उठला, आणि शेवटी उद्घाटनासाठी बोलावणं आलं ते वैशालीताईंना. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामाला येते, असा टोला त्यांनी त्या व्यासपीठावरून हाणला. आपल्याला कोणत्या अडचणीत आणि कशासाठी बोलावलं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यांनी यजमानांच्याच मांडवात सांगितलं. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत त्या यवतमाळ-वाशीममधून उभ्या राहिल्या आणि हरल्या. हरल्या हेही सांगायलाच हवं. पुरवणीतल्या गोष्टींत ते बहुधा गाळलं जातं.

या प्रयोगावरचा आक्षेप टोकदार आहे: दुःखाचं प्रदर्शन मांडून शहरी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा हा उद्योग नाही का? बाईने रोज रात्री आपलंच मरण रंगवायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं? ही भीती खोटी नाही. दुःख विकणारे धंदेवाईक आपण दूरदर्शनच्या पडद्यावर रोज पाहतो. फरक ओळखायची माझ्यापुरती एक कसोटी आहे: त्या कलेतून त्या बाईच्या हाती काय आलं? चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर माणसं रातोरात बेपत्ता होऊ लागली. त्यांच्या आया-बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली: रिकामी खुर्ची, दाराशी थांबलेली पोलिसांची गाडी. चर्चच्या मदतीने ती परदेशांत विकली गेली. त्यातून घरात चार पैसे आले, वर्तमानपत्रांना छापता न येणारी बातमी जगभर गेली, आणि शिवायला एकत्र बसणाऱ्या बायकांची संघटना झाली. पैसा, साक्ष आणि सोबत यांतलं काहीतरी पदरात पडत असेल तर त्या कलेला प्रदर्शन म्हणू नये. ‘तेरवं’मधून निदान सोबत आणि साक्ष नक्की मिळाली.

याहून गंभीर आक्षेप उलट बाजूचा आहे. शोकात बुडालेल्या माणसाला ‘उठ, काहीतरी कर, चळवळीत ये’ म्हणणं हाच एक छळ नाही का? आहे. म्हणूनच झिंजाडे यांच्या मोहिमेतला स्टँप पेपर मला महत्त्वाचा वाटतो. तो लिहून दिला नवऱ्यांनी, जिवंत असताना. ज्या दिवशी बाईच्या अंगात उभं राहायचं त्राण नसेल, त्या दिवशी तिला भावकीशी भांडावं लागू नये, म्हणून ते भांडण आधीच, दुसऱ्याने, कागदावर करून ठेवलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर यांच्या बाबतीतही हेच दिसतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. कुटुंबीय कामाला लागले, पण एकटे पडले नाहीत. समितीच्या कार्यकर्त्यांनी नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्य उभं केलं आणि महाराष्ट्रभर चौकाचौकांत प्रयोग केले. पंढरीच्या वाटेवर ज्यांनी रिंगण पाहिलंय, त्यांना या प्रकारातली खुबी लगेच कळेल: मधे एकटं कुणी उभं नसतं आणि बघ्यांना कडेला उभं राहूनही आत ओढलं जातं. त्या खुनाचा निकाल लागला १० मे २०२४ ला, जवळजवळ अकरा वर्षांनी. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. एवढ्या काळात चळवळीने गेलेला माणूस परत आणला नाही आणि न्यायही लवकर आणला नाही. शोक करणाऱ्यांना तिने फक्त एकटं पडू दिलं नाही, आणि चळवळीकडून याहून जास्त अपेक्षा धरणं चूक आहे.

राहिला ठरावांचा प्रश्न. ग्रामपंचायतीच्या ठरावाला कायद्याचे दात नसतात, आणि भिंतीवर फलक लावून गाव बदलत नाही, हे मान्य. काही बायकांना स्वतःहूनच बांगड्या उतरवाव्या वाटतात, तेही मान्य. ठराव त्यांच्या हातावर बांगड्या चढवायला निघालेला नाही, तो फक्त दुसऱ्याचा हात अडवतो. पण एक आक्षेप मला पूर्ण परतवता येत नाही. बांगड्या-कुंकवाची चर्चा सोपी आहे, फोटोसाठी बरी आहे. जमिनीची चर्चा तशी नाही. हळदी-कुंकवाला विधवेला सन्मानाने बोलावणारा भाऊबंद त्याच आठवड्यात तिच्या वारस नोंदीवर हरकत घेऊ शकतो. कपाळावरचं कुंकू राहिलं आणि सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, तर मोहीम अर्ध्यात थांबली असंच म्हणावं लागेल.

ही दुसरी अर्धी वाट कशी जाते ते माहीत असावं. पती गेल्यावर जमिनीच्या वारसाहक्काची माहिती तीन महिन्यांत गावच्या तलाठ्याला द्यायची असते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. हिंदू वारसा कायद्याने पत्नी ही मुलांच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस आहे. ‘पोराचं नाव लागलं की झालं’ हे भावकीचं म्हणणं कायद्यात कुठेही नाही. सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम मुद्दाम राबवली, कारण मेलेल्यांची नावं उताऱ्यावर तशीच राहिली होती. तरीही एखादीचं नाव डावललं गेलं, तर अपील करायला साठ दिवस असतात. संजय गांधी निराधार योजनेत पात्र ठरल्यास महिना १,५०० रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. आपल्या गल्लीत अशी कुणी असेल, तर दहाव्याला तिच्या घरी जाताना तिला धीर देणारी वाक्यं नाही सुचली तरी चालतील. महिनाभराने पुन्हा जा आणि ‘वारस नोंद झाली का?’ एवढं विचारा. माढ्याचं तहसील दूर नाही, आणि अपील ऐकणारं प्रांत कार्यालय कुर्डुवाडीतच आहे.